साक्ष : पंक्चरवाला, नेकनूर

आमच्या दुकानात लग्नपत्रिकेचं प्रूफ दोनदा निघतं. वाढदिवसाच्या बॅनरचं एकदाच, आणि त्यातही गिऱ्हाईक आपला चेहरा गोरा झालाय का एवढंच बघतं. सरांच्या एका शब्दाची मी अकरा प्रुफं काढली आहेत. शब्द होता ‘अभाव’. अकराव्या प्रुफावर त्यांनी लाल पेनानं लिहिलं, “आता जवळ आलंय.” त्या दिवशी मी संगणक बंद केला आणि सरळ घरी निघून गेले. आता सर नाहीत म्हणून हे लिहून तरी होतंय. ते असते तर याचीही अकरा प्रुफं झाली असती.

बीडला बसस्थानकामागच्या गल्लीत माझं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान आहे. मूळ अब्बांचं. अब्बा जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारे. त्यांचं पायानं चालवायचं मशीन अजून कोपऱ्यात आहे, त्यावर मी कागदाची रिमं रचते. सर हे अब्बांचं गिऱ्हाईक. अब्बा गेल्यावर दुकानाबरोबर तेही माझ्या वाट्याला आले.

उंच, काटकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. राहायला नेकनूरला. तिथं घरचं कापडाचं दुकान होतं, ते धाकटा भाऊ बघायचा. सर दहाच्या गाडीनं बीडला यायचे, हातात दुकानाचीच कापडी पिशवी, आणि दुपारपर्यंत माझ्या टेबलापाशी उभे राहायचे. बसायचे नाहीत. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, “नको बेटा. बसलेला माणूस नुसती मान डोलावतो.”

मान डोलावण्याचा त्यांना फार राग होता. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुलं होती, त्यातली दोन हजेरीपुरती. सर निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाच्या खोलीत कॅरमबोर्ड आणि क्रिकेटचे स्टंप आले. त्याबद्दल सर कधी तक्रार करत नसत. त्यांची तक्रार वेगळी होती. “तीस वर्षं पोरांनी माना डोलावल्या,” ते म्हणायचे, “पास बी झाले. पण एकानं मला माझी गोष्ट उलटून सांगितली न्हाई. समजलं म्हणायचं, अन् सांग म्हणलं की खाली बघायचं.”

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कोश लिहायला घेतला. तत्त्वज्ञानातल्या आणि धर्मविचारातल्या शब्दांचा. न्यायशास्त्रवाले, बौद्ध, जैन, लिंगायत, सूफी, सगळ्यांचे शब्द त्यात होते. असे कोश पुष्कळ असतील. पण सरांच्या कोशाला एक नियम होता, आणि त्या नियमानं आम्हा सगळ्यांना पळवलं.

कोशात शब्द घ्यायचा तर त्याला साक्षीदार पाहिजे. साक्षीदार म्हणजे ज्यानं तत्त्वज्ञानाचं पुस्तक कधी हातात धरलेलं नाही असा माणूस. सर त्याला शब्द समजावून देणार. मग त्यानं तोच शब्द स्वतःच्या कामातलं उदाहरण देऊन सरांना परत सांगायचा. पुस्तकातलं उदाहरण चालायचं नाही. “ते उष्टं असतं,” सर म्हणायचे. सांगता आलं, तर कोशात त्या शब्दाखाली ओळ पडायची, ‘साक्ष’, आणि पुढे त्या माणसाचं काम आणि गाव. नाव नाही. “नाव आईबापानं ठिवलेलं असतं. काम सोताचं असतं.” आणि सरांना स्वतःला साक्षीदार होता येत नसे. वकिलानं आपल्याच खटल्यात साक्ष द्यायची नसते, असं ते म्हणायचे.

हे सगळं सुरू झालं एका पंक्चरमुळे. तो किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही सांगेन. निवृत्तीच्या आधीचे दिवस. सर वर्गात ‘व्याप्ती’ शिकवून आले होते. एक गोष्ट दिसली की दुसरी असणारच, असं जे पक्कं नातं, त्याला न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणतात. धूर दिसला की आग असणारच. मुलांनी माना डोलावल्या. सर वैतागून नेकनूरला उतरले, तर स्टँडवर ठेवलेली सायकल पंक्चर.

पंक्चरवाल्यानं विचारलं, “सर, तोंड का उतरलंय?”

सरांनी रागारागात त्यालाच सगळी व्याप्ती सांगितली. त्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवता फिरवता ऐकली आणि म्हणाला, “म्हंजे बुडबुड्यावानी. बुडबुडा आला की भोक हाय म्हंजे हाय.”

“अन् उलटं? भोक असलं की बुडबुडा येणारच का?”

“न्हाई ना सर. ट्यूबात हवा पायजे की. हवाच न्हाई तर भोक असून बी पाणी गप.”

आता हीच गोष्ट पंडितांनी ओल्या लाकडाचं उदाहरण घेऊन किती शतकं घोळवली आहे म्हणे. धुरामागे आग असते, पण आगीबरोबर धूर असेलच असं नाही, लाकूड ओलं पाहिजे. पंक्चरवाल्यानं ती घमेल्यात हात असतानाच सोडवली. सर त्याच्या पाया पडायला वाकले. तो घाबरून पाना घेऊन मागे सरकला. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला एक नारळ दिला आणि कोऱ्या कार्डावर अब्बांकडून छापून घेतलेला शब्द, ‘व्याप्ती’. ते कार्ड त्याच्या दुकानात हवेच्या मशीनवर अजून चिकटवलेलं आहे. पुढे प्रत्येक साक्षीदाराला नारळ आणि कार्ड मिळत गेलं.

मग सर सुटलेच. दिंद्रुडला त्यांच्या नात्यातला एक भुसार दुकानदार होता, त्यानं ‘नियत’ सांगितली. “काटा बरोबर असतो सर, गिऱ्हाईक बी समोर उभं असतं. तरी दाणे टाकताना हात कुठं थांबवायचा, ते आत कुणीतरी ठरवतं. ती नियत.” सर म्हणाले, स्वतःविरुद्ध जाणारी एवढी स्वच्छ साक्ष कोर्टात मिळत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडा लावणाऱ्या फळवाल्या चाचांकडे ‘अन्योन्याभाव’ गेला, म्हणजे एक वस्तू दुसरी नसणं. चाचा म्हणाले, “सीताफळात रामफळ न्हाई.” सर म्हणाले, “चुकलं. ‘ह्याच्यात ते न्हाई’ वेगळं, अन् ‘हे म्हंजे ते न्हव्हं’ वेगळं.” चाचांनी एका हातात सीताफळ धरलं, हंगाम नसलेल्या रामफळासाठी दुसरा हात रिकामाच धरला, दोन्हींकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “सीताफळ म्हंजे रामफळ न्हव्हं. बास?” बास होतं. त्या चार शब्दांसाठी तासभर गाड्यावर एक फळ विकलं गेलं नव्हतं.

मला आवडलेली साक्ष मात्र शिंप्याची. त्याला सरांनी ‘प्रागभाव’ समजावला, म्हणजे वस्तू तयार होण्याआधीचं तिचं नसणं. न्यायवाले नसण्यालाही असण्याइतकंच खरं मानतात, हे मला कधी पटत नव्हतं. शिंपी म्हणाला, “म्हंजे ह्यो शाळंतल्या गुरुजींचा सदरा. कापड आलंय, सदरा अजून न्हाई. पण सर, हे नसणं लई खरं हाय. रोज शिव्या खातो मी त्याच्यापायी.” मला त्या दिवशी पटलं.

आणि एकदा माझ्या पोटावर पाय यायची वेळ आली. एका तरुण पुढाऱ्याचा बॅनर मी जुळवत होते, फोटोखाली ठळक अक्षरात ‘भावी आमदार’. पुढारी स्वतः शेजारी उभा. सर पडद्याकडे बघत म्हणाले, “प्रागभाव.” मग पुढाऱ्याकडे एकदा नीट बघून म्हणाले, “का अत्यंताभाव?” अत्यंताभाव म्हणजे जे कधी नव्हतं आणि कधी होणारही नाही. पुढाऱ्यानं विचारलं, “म्हंजे काय सर?” मी घाईघाईनं सांगितलं, “शुभेच्छा आहेत, संस्कृतमधून.” त्यानं वाकून नमस्कार केला. सरांनी आशीर्वाद दिला आणि तो मनापासून दिला.

अब्बांची साक्षही कोशात आहे. बौद्ध विचारातला ‘संघात’. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तो निव्वळ भागांचा जमाव आहे, भाग वेगळे केले की मागे कुणी उरत नाही, असा काहीसा तो विचार. अब्बा खिळे जुळवणारा हात न थांबवता म्हणाले, “हे बघा सर, आत्ता ह्या पट्टीत ‘आनंद’ शब्द हाय. छापून झालं की मी खिळे सोडवून पेटीतल्या घरांत टाकतो. ‘आ’ आपल्या घरात, ‘नं’ आपल्या घरात, ‘द’ आपल्या घरात. सांगा, आनंद कंच्या घरात गेला?” सरांनी त्या दिवशी दोन नारळ आणले. मी तेव्हा शाळेत होते, पण अब्बांचा चेहरा मला आठवतो. छापखान्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले. ही एक ओळ त्यांची स्वतःची होती.

बरं, साक्ष दिली म्हणजे सुटलात असंही नव्हतं. दरवर्षी दिवाळीच्या आधी सर एसटीनं गावोगाव फिरून साक्षी तपासायचे. साक्षीदाराला शब्द पुन्हा सांगता आला तर वहीत शेरा पडायचा, ‘साक्ष कायम’. नाही आला तर ‘साक्ष बाद’, आणि नवा साक्षीदार मिळेपर्यंत शब्द कोशाबाहेर. ‘वैराग्य’ सांगणारा एक न्हावी वर्षभरानं म्हणाला, “कंचं वैराग्य?” मला सतरा पानं पुन्हा लावावी लागली. अब्बा वारले तेव्हा मी विचारलं, आता त्यांच्या साक्षीचं काय. सर म्हणाले, “ती कायमची कायम. मेलेला साक्षीदार फिरत न्हाई बेटा.”

पुढे एक दिवस माझ्या लक्षात आलं की सर बरोबर असलेल्या ओळी दुरुस्त करताहेत. लाल रेघ कागद सोडून टेबलाच्या काचेवर आली. मी ती ओल्या फडक्यानं पुसली. त्यांनीच सांगितलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती, आणि उरलेली किती टिकेल ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

“एकच हाय आता,” सर म्हणाले. “छापलेला कोश एकदा सोताच्या डोळ्यानं बघायचा. मग डोळे गेले तर जाऊ दे.”

आणि कोश अडला होता एका शब्दावर. ‘शब्दप्रमाण’. डोळ्यांनी कळलं तर ते प्रत्यक्ष. खुणेवरून ताडलं तर अनुमान. ही दोन्ही नसताना, केवळ कुणाच्या तरी सांगण्यावरून एखादी गोष्ट कळली, तर ते शब्दप्रमाण. ऐकायला सोपं, पण साक्षीदार टिकेना. आईच्या सांगण्यावरून बाप कळतो, हे उदाहरण पुस्तकात होतं, म्हणून उष्टं. एक प्रवासी म्हणाला, कंडक्टरनं सांगितलं गाडी नेकनूरला जाते, म्हणून चढलो. सरांनी विचारलं, “पाटी वाचली व्हती?” वाचली होती. बाद. दुसरा म्हणाला, पाटी न्हाई वाचली, पण तो कंडक्टर रोज बरोबरच सांगतो. सर म्हणाले, “म्हंजे तू त्याच्या सवयीवरून ताडलंस. अनुमान. बाद.”

मी म्हणाले, “सर, हा एक शब्द वगळा ना.”

“आगं, हा वगळून कसं? आख्खा कोश कशावर उभा हाय? लोकांच्या सांगण्यावरच ना?”

पाच महिने गेले. सर आता कागद नाकाला लावून वाचत होते. बस ओळखायला त्यांना लोकांना विचारावं लागत होतं. आणि एका सकाळी मी खोटं बोलले.

मी म्हणाले, “सर, कड्याचे माझे मामू भेटले होते. साखर कारखान्यात फिटर होते ते. त्यांना शब्द समजावला मी. ते म्हणाले, आम्ही मशीनच्या पोटात शिरलेलो असतो. बटण बाहेर, दिसत नाही. बाहेरचा सोबती ओरडतो, ‘बंद केलंय, घाल हात.’ आपण हात घालतो. फक्त त्याच्या शब्दावर.”

हे उदाहरण मी रात्रीची भाकरी थापताना रचलं होतं आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता. सरांचा चेहरा उजळला. “वा! हात घालतो! जिवाची बाजी हाय यात. उद्याच कड्याला जाऊन येतो.” साक्षीदाराला स्वतः भेटल्याशिवाय ते साक्ष घेत नसत. मी म्हणाले, मामू आजारी आहेत, कुणाला भेटत नाहीत. सरांनी लाल पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, “बरं. तू सांगतीस म्हंजे झालं.” एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपला नियम मोडला, आणि तो माझ्यासाठी मोडला. मी ओळ टाकली, ‘साक्ष : फिटर, कडा’. कार्डही छापलं. मामूंना पोचवते म्हणून घेतलं आणि खणात टाकलं.

दहा दिवसांनी सर आले आणि आल्या आल्या खुर्ची चाचपून तिच्यात बसले. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पिशवीतून त्यांनी एक नारळ काढून टेबलावर ठेवला.

“कड्याला गेलतो. म्हणलं, साक्षीदाराचा नारळ आपल्या हातानं द्यावा. तुझे मामू ठणठणीत हायत. चहा पाजला. शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला न्हाई.”

मी खण उघडून न पोचवलेलं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

“अन् मामू म्हणाले, कंचा बी शहाणा फिटर दुसऱ्याच्या ‘बंद हाय’वर हात घालत न्हाई. फ्यूज काढायचा, सोताच्या खिशात ठिवायचा, मग आत शिरायचं. दुसऱ्याच्या शब्दावर हात घालणारे बी व्हते म्हणाले. त्यांची बोटं मोजून बघा म्हणाले.”

“सर, तुमच्या डोळ्यांसाठी केलं मी. लवकर व्हावं म्हणून.”

“ते कळलं मला. नियत चांगली व्हती.” सरांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “पण बेटा, आता सगळ्याच साक्षी पुन्हा तपासाव्या लागतील. तुझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या.”

त्यांनी प्रुफांचा गठ्ठा पिशवीत भरला आणि गेले. संध्याकाळी मामूंचा फोन आला, “क्या बेटा, मेरेकू कायकू झूटा गवाह बनाई?” मी फोन ठेवून रडले.

सर खरंच फिरले. मला बातम्या मिळत होत्या. फळवाले चाचा म्हणाले, सर येऊन गेले, सीताफळ हातात घेऊन ओळखलं, डोळ्यांनी नाही. दिंद्रुडला म्हणे धान्याच्या मोंढ्यात हमालानं हात धरून दुकानापर्यंत नेलं. पंक्चरवाल्याचा फोन आला, “ताई, सर रस्ता वलांडताना थांबून ऱ्हातेत आता. तुमी का येत न्हाई?” उरलेली नजर सरांनी एसटीच्या पाट्या शोधण्यात संपवली. मी त्यांचे महिने वाचवायला गेले होते आणि तेच महिने मी खाल्ले. हे मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही, आणि कुणी समजूत घालायला आलं तर मला राग येतो.

एका शुक्रवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, मी नेकनूरला गेले. सर ओसरीवर बसले होते, मांडीवर तोच गठ्ठा. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि म्हणाले, “सर, मी.” माफीचं सगळं भाषण बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

सरांनी गठ्ठा पुढे केला. “वाच.”

“सर?”

“मला दिसत न्हाई आता. साक्षी तपासून झाल्या, सगळ्या कायम हायत. शेवटचं प्रूफ राह्यलंय. पैल्या शब्दापासून वाच. काना-मात्रेसकट.”

सात शुक्रवार मी वाचत होते. ते डोळे मिटून ऐकायचे, मधेच हात वर करायचे, “पुन्हा.” मी पुन्हा वाचायचे. सातव्या शुक्रवारी ‘शब्दप्रमाण’ आला. व्याख्या वाचली आणि थांबले. खाली फिटरची ओळ लाल रेघेनं खोडलेली होती, पुढे कोरं.

“लिही,” सर म्हणाले. “साक्ष : मास्तर, नेकनूर.”

मी म्हणाले, “सर, तुमचाच नियम आहे. स्वतःच्या खटल्यात—”

“ऐक आधी. उदाहरण माझ्या कामातलंच हाय, प्रूफ तपासण्याचं. ह्या कागदावर काय हाय ते मला दिसत न्हाई. म्हंजे प्रत्यक्ष गेलं. ऱ्हायलं अनुमान. अनुमान काय म्हणतं? ही पोरगी एकदा खोटं बोललीय. बुडबुडा दिसलाय. म्हंजे भोक हाय. अनुमान म्हणतं, हिच्यावर इसंबू नको.” त्यांनी बोट कागदाच्या दिशेनं केलं. “तरी सात शुक्रवार मला कळतंय, कागदावर काय लिव्हलंय ते. कशावरून कळतंय? तुझ्या शब्दावरून. दुसरं काय बी हातात न्हाई. ह्याच्यापेक्षा चोख उदाहरण मला मिळालं न्हाई. लिही.”

मला अक्षरं दिसेनात. ओळ वाकडी आली. वाकडी आली आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “छापताना सरळ कर.”

कोश छापून आला. तीनशे प्रती. सरांनी पहिली प्रत दोन्ही हातांत घेतली, वास घेतला, पानं अंगठ्यानं सोडून त्यांचा आवाज ऐकला. डोळ्यांनी बघायचं राहून गेलं. पण मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. पंक्चरवाला, चाचा, शिंपी, सगळे येऊन आपापलं पान बघून गेले.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात ‘संघात’ उघडला, अब्बांची ओळ वाचावी म्हणून. ओळ नव्हती. पानं लावताना शेवटची ओळ चौकटीबाहेर सरकली होती आणि छपाईत गेली. माझ्या हातानं, माझ्या बापाची. सगळ्या प्रतींत.

मी खोटं सांगणार नाही, अर्धा तास मी गप्प बसण्याचाच विचार करत होते. अब्बा नव्हते. सरांना दिसत नव्हतं. नेकनूरच्या पंक्चरवाल्याला ‘संघात’शी काही देणंघेणं नव्हतं. एका आंधळ्या म्हाताऱ्याचा आनंद कशाला मोडायचा? मग मी ती प्रत पिशवीत टाकली, शटर ओढलं आणि नेकनूरची गाडी पकडली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग भावाला हाक मारून म्हणाले, सगळे गठ्ठे ओसरीवर आण. मला म्हणाले, “निळं पेन घे. सगळ्यांत लिही.”

मी बसून लिहू लागले. प्रत उघडायची, पान काढायचं, लिहायचं, ‘साक्ष : जुळारी, बीड’. मिटायची. पुढची. सर भिंतीला टेकून पेनाचा आवाज ऐकत होते. दुपार टळली, हात अवघडला, पेनाची रिफिल बदलली. दिवाळी जवळ आली होती. वहीत त्या वर्षीची सगळ्यांची तपासणी झाली होती, ‘शब्दप्रमाण’च्या एका साक्षीदाराची तेवढी राहिली होती.

“झालं?” सरांनी विचारलं.

“झालं सर.”

“समद्यांत?”

“समद्यांत.”

समोर गठ्ठ्यांची रास होती. त्यांनी एकाही प्रतीला हात लावला नाही. नुसती मान हलवली आणि म्हणाले, “वहीत लिही. मास्तर, नेकनूर. साक्ष कायम.”